कितींपैकी किती?

(वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. समाजकार्याचं शिक्षण घेऊन वस्तीत काम करणारी मी एक कार्यकर्ती. आज मला साथीच्या रोगांच्या शास्त्राबद्दल, म्हणजे साथरोगशास्त्राबद्दल बोलायला सांगितलं आहे. विषयाचं नाव ऐकून काहीजणींच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्या मी पाहिल्या. एम.एस.डब्ल्यू. करताना माझ्याही पडायच्या. व्याख्या पाठ केल्या, पेपरात लिहिल्या, पास झाले आणि विसरले. त्यांचा अर्थ मला कळला तो काही वर्षांनी, एका काविळीच्या साथीत.

गावाचं नाव सांगत नाही, कारण असं गाव तुमच्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. वस्तीत दिवसाआड पाणी, तेही पहाटे तासभर. पाण्याची पाइप गटाराच्या कडेनं, काही ठिकाणी गटारातूनच गेलेली. त्या उन्हाळ्यात घरोघरी कावीळ सुरू झाली. आमच्या बचत गटातल्या एका मावशींच्या सुनेलाही झाली. तिला सातवा महिना होता. कावीळ उतरवण्यासाठी माळ घातली, पथ्य सुरू झालं. चार दिवसांनी ती असंबद्ध बोलायला लागली, मग झोपूनच राहायला लागली. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. ती गेली, पोटातलं मूलही गेलं.

मयताला जमलेल्या बाया हळू आवाजात बोलत होत्या. कुणी म्हणालं, दिवस गेलेले असताना तेलकट खाल्लं. कुणी सासूला बोल लावला. कुणी म्हणालं, नशीब. पुढे मी साथीच्या रुग्णांची यादी पाहायला गेले. तिथे तिचं नाव होतं, वय होतं, पत्ता होता आणि 'स्त्री' असं लिहिलं होतं. ती गरोदर होती हे कुठेच नव्हतं, कारण तसा रकानाच नव्हता. मी विचारलं, या साथीत बायकांना जास्त त्रास होतो आहे का? उत्तर मिळालं, "बाई, आकडे बघा. बायका-पुरुष सारखेच आहेत. रोग काय बाई-पुरुष बघून येतो?" मला उत्तर सुचलं नाही. मी गप्प बसून परत आले. ते गप्प बसणं मला अजून टोचतं. आज त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोर मांडते आहे.

तीन दगडांची चूल

पहिली गोष्ट. कावीळ हा रोग नव्हे, ते रोगाचं लक्षण आहे. लिव्हर बिघडलं की डोळे पिवळे होतात. लिव्हर बिघडवणारे विषाणू वेगवेगळे आहेत आणि त्यांच्या वाटाही वेगळ्या आहेत. 'बी' आणि 'सी' कावीळ रक्तातून, दूषित सुईतून जाते. 'बी' शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळालाही जाते, म्हणून बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस देतात. 'ए' आणि 'ई' कावीळ मात्र विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात जाते. आपल्याकडे पाण्यातून येणाऱ्या काविळीच्या मोठ्या साथी बहुतेक वेळा 'ई'च्या असतात. २०१२ साली इचलकरंजीत आली ती 'ई'चीच. म्हणून रोगाचं नाव कळलं की लगेच विचारायचं, त्याची वाट कोणती? वाट कळली तर ती अडवता येते.

आता चुलीचे तीन दगड डोळ्यांसमोर आणा. साथही तीन दगडांवर उभी असते. एक दगड म्हणजे रोगजंतू. दुसरा म्हणजे ज्याच्या शरीरात तो शिरतो तो माणूस. त्याचं वय, त्याचं पोषण, आधी तो रोग होऊन गेला आहे का, बाई असेल तर ती गरोदर आहे का. तिसरा दगड परिस्थितीचा. पाणी, गटार, गर्दी, गरिबी. एक दगड काढला तरी वरचं भांडं कलंडतं. 'ई' कावीळ झाली की विषाणू मारणारं नेमकं औषध नेहमीच्या उपचारात नाही. बहुतेकजण आपोआप बरे होतात, तोवर जपायचं असतं. म्हणजे पहिला दगड हलवणं अवघड. पण तिसरा दगड हलवता येतो आणि तो हलवणं नगरपालिकेचं काम आहे. आजारी बाईला "तू काय खाल्लंस?" असं विचारणारे पाइपबद्दल मात्र काही विचारत नाहीत.

पाइपमध्ये घाण शिरते कशी, तेही समजून घ्या. चोवीस तास पाणी असेल तर आतल्या दाबामुळे भोकातून पाणी बाहेर येतं, गटाराचं पाणी सहसा आत जात नाही. पाणी बंद झालं की दाब जातो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. वर कुणी मोटर लावून खेचलं तर आणखीच. म्हणजे दिवसाआड पाणी ही नुसती गैरसोय नाही, ती रोगाची वाट आहे.

पाणी तपासलं, चांगलं निघालं!

आमच्या वस्तीत साथ जोरात असताना नळाचं पाणी तपासलं गेलं. अहवाल आला: पिण्यायोग्य. झालं, वस्तीलाच दोष. "तुम्ही स्वच्छता पाळत नाही." आम्ही निरुत्तर झालो, कारण आम्हाला एक साधी गोष्ट आठवली नाही. ती म्हणजे अधिशयन काळ. नाव जड आहे. आपण त्याला उबवणीचा काळ म्हणू. कोंबडी अंड्यावर बसली की पिल्लू त्याच दिवशी बाहेर येत नाही. तसंच जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही काळ जातो. पटकीत तो काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. 'ई' काविळीत दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच-सहा आठवडे.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण दिल्लीचं आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेनं पात्र बदललं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचलं. जलकेंद्रानं क्लोरिनचं प्रमाण वाढवलं. टायफॉइड, जुलाब यांची साथ आली नाही. सगळ्यांना वाटलं, निभावलं. पण त्या क्लोरिननं जिवाणू अडले, विषाणू अडला नाही. डिसेंबरात कावीळ सुरू झाली आणि जानेवारी १९५६ पर्यंत सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. डिसेंबरअखेर पाणी तपासून काय कळलं असतं? चूक तर नोव्हेंबरात झाली होती.

म्हणून काविळीच्या साथीत "आज पाणी कसं आहे?" हा प्रश्न पुरेसा नाही. "पाच-सहा आठवड्यांपूर्वी काय झालं होतं?" हे विचारायला हवं. पाइप कधी फुटली, खोदकाम कधी झालं, पाणी कधी गढूळ आलं, हे पाणी भरणाऱ्या बाईइतकं कुणालाच माहीत नसतं. पण ते तिला विचारायला कुणी येत नाही.

एकाच वेळी की एकामागून एक?

एखादा रोग एखाद्या भागात कायम थोडाथोडा असतोच, त्याला तिथे घर करून राहिलेला रोग म्हणतात. नेहमीपेक्षा रुग्ण अचानक वाढले की ती साथ. देशोदेशी पसरली की महासाथ; २०२० साली आपण सगळ्यांनी ती भोगली. इथे 'नेहमीपेक्षा' हा शब्द महत्त्वाचा आहे. नेहमीचं किती, हे वहीत लिहिलेलं नसेल तर वाढलं हे कळणार कसं? म्हणून साथ नसताना ठेवलेली वही हीच खरी उपयोगाची.

साथी दोन तऱ्हेच्या असतात. गोवर माणसाकडून माणसाकडे जातो. आधी गोवर न झालेल्या, लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. म्हणून शंभरातल्या सुमारे ९५ जणांना लस मिळाली तरच साखळी तुटते आणि मग लस न घेता येणारं तान्हं बाळसुद्धा सुरक्षित राहतं. सगळ्यांची मिळून अशी जी भिंत उभी राहते, तिला सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. 'ई' काविळीचं तसं नाही. घरातल्या रुग्णाकडून घरातल्यांना ती फारशी होत नाही. एक पाइप मात्र एकाच वेळी हजारोंना देते. दोन्ही साथींची तोडही वेगळी. पाण्यातून आलेल्या साथीत रुग्णाचं ताट-भांडं वेगळं करून, त्याला कोपऱ्यात बसवून काहीच साधत नाही. माणसं मात्र दुखावतात.

वाट ओळखायची एक सोपी रीत म्हणजे नकाशा. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी कुठल्या घरात किती मृत्यू झाले ते शोधलं आणि नकाशावर मांडलं. मृत्यू एका हातपंपाभोवती दाटले होते. पण कित्येक मैल दूर, हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाईही पटकीनं गेली होती. तिचा तिथे काय संबंध? चौकशी केल्यावर कळलं की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायची आणि त्या पंपाच्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज ते पाणी मागवून घ्यायची. नकाशाबाहेरच्या त्या एका बाईनं पाण्याचा संशय पक्का केला. पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पटकीचा जंतू दाखवून देणारं रॉबर्ट कॉख यांचं काम त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी झालं. 'ई' काविळीचा विषाणूही १९८३ पर्यंत कुणी पाहिला नव्हता. जंतू दिसण्याआधीही साथ अडवता येते. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतोच असं नाही. घरोघरी जाऊन नीट विचारणारी माणसं लागतात. म्हणजे आपणच की!

वरचा आकडा, खालचा आकडा

आता त्या "बायका-पुरुष सारखेच"कडे येऊ. शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. साथीत आपल्याला नेहमी अंश सांगतात: इतके रुग्ण, इतके मृत्यू. छेद सांगत नाहीत. कितींपैकी? हे विचारल्याशिवाय कुठलाही आकडा पूर्ण होत नाही.

१९७८ साली काश्मीर खोऱ्यात पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांमध्ये पाहणी केली आणि १९८१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १५ ते ४५ वयाच्या ३,८२२ पुरुषांपैकी १०७ जणांना कावीळ झाली होती. बायकांमध्येही १०७ जणींना झाली होती. पुरुष १०७, बायका १०७. बघा, अगदी सारखेच! मला मिळालेलं उत्तर तंतोतंत खरं ठरलं असतं.

पण या डॉक्टरांनी रकाना वाढवला होता. मूल होण्याच्या वयातल्या, पण गरोदर नसलेल्या ३,३५० बायका होत्या. त्यांतल्या ७१ जणींना कावीळ झाली. गरोदर बायका फक्त २०८ होत्या. त्यांतल्या ३६ जणींना झाली. आता भागाकार करा. पुरुषांत शंभरी जवळजवळ ३. गरोदर नसलेल्या बायकांत शंभरी २. आणि गरोदर बायकांत शंभरी १७! याला लागण-दर म्हणतात: ज्यांना धोका होता त्यांच्यापैकी किती जणांना रोग झाला. ३६ हा आकडा १०७ च्या शेजारी ठेवला तर लहान दिसतो. त्याच्याखाली २०८ लिहिले की अंगावर काटा येतो.

दुसरा दर गांभीर्याचा. ज्यांना रोग झाला त्यांच्यापैकी किती जणांचं लिव्हर झपाट्यानं निकामी झालं? १०७ पुरुषांत तिघांचं. ७१ बायकांत एकीचंही नाही. ३६ गरोदर बायकांत आठजणींचं. म्हणजे बाईची जात नाजूक वगैरे काही नाही. गरोदर नसलेली बाई पुरुषापेक्षाही बरी राहिली. धोका गरोदरपणाचा होता. 'ई' कावीळ झालेल्या, शेवटच्या तिमाहीतल्या शंभर बायकांपैकी २० ते २५ जणी दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आमच्या मावशींच्या सुनेला कुणाची नजर लागली नव्हती, तिनं वावगं काही खाल्लंही नव्हतं. ती त्या खालच्या आकड्यातली होती आणि तो आकडा कुणी लिहिलाच नव्हता.

अजून एक. गरोदरपणात किंवा ते संपल्यानंतर ४२ दिवसांत, गरोदरपणामुळे किंवा त्यात बळावलेल्या आजारामुळे बाई गेली तर तो मातामृत्यू धरतात. अशा काविळीचा मृत्यूही त्यात बसतो. पण नोंदीत नुसतं 'कावीळ' लिहिलं की ती मातामृत्यूंच्या यादीतून सुटते, आणि काविळीच्या यादीत ती नुसती 'स्त्री' असते. दोन्हीकडून ती निसटते.

माळ आणि श्रेय

माळेबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. "आमच्या शेजारणीला माळेनं गुण आला," हे खोटं कुणी बोलत नाही. पण इथेही तोच प्रश्न विचारा. माळ घालून इतके बरे झाले, माळ न घालता कितींपैकी किती बरे झाले? 'ई' काविळीचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. मग श्रेय माळेला मिळतं. शेजारी माळ न घातलेल्यांचा आकडा ठेवल्याशिवाय कुठल्याच उपायाचं खरं-खोटं कळत नाही. डॉक्टरांच्या औषधालाही हाच नियम. माळेचा राग करू नका, घालणाऱ्या सासूला अडाणी म्हणू नका. तिला दुसरं कुणी काही सांगितलं नव्हतं. पण गरोदर बाई असेल तर माळेसाठी एक दिवसही घालवू नका. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात. गुंगी, असंबद्ध बोलणं, थांबत नसलेली उलटी, अंगावरून किंवा हिरड्यांतून रक्त, यांतलं काही दिसलं तर घरचे पुरुष कामावरून येईपर्यंतही थांबू नका.

आपण काय करायचं?

पहिलं, पाणी खळखळून उकळायचं. नुसत्या क्लोरिनवर विसंबायचं नाही, दिल्लीची आठवण ठेवायची. पण इथेही थोडं घरात डोकावू. गॅस महाग, म्हणून पातेलंभरच पाणी उकळतं. ते आधी मुलांना, मग कामावर जाणाऱ्याच्या बाटलीत. सून पहाटे पाणी भरताना, भांडी घासताना तहान लागली की नळालाच ओंजळ लावते. शेवटी जेवणारी बाई पाण्यातही शेवटची. घराघरांत सांगा की उकळलेल्या पाण्याचा पहिला तांब्या गरोदर बाईचा.

दुसरं, वस्तीतल्या गरोदर बायकांची यादी आशाताईंकडे असतेच. कावीळ सुरू झाली की ती यादी हातात घेऊन पहिली फेरी त्यांच्याच घरी. आणि आपला छेदही तिथेच आहे: यादीत इतक्या, त्यांपैकी इतक्या आजारी.

तिसरं, आपली स्वतःची वही. रुग्णाचं वय, बाई असेल तर गरोदर आहे का, डोळे पिवळे कधी दिसले ती तारीख, पाणी कुठल्या नळाचं. जमिनीवर खडूनं काढला तरी चालेल, पण गल्लीचा नकाशा काढा. मग ती वही घेऊन कचेरीत जा. एकटीनं नव्हे, गटानं. 'पाणी खराब आहे' अशी तक्रार बाजूला सारता येते. 'अमुक नळाच्या इतक्या घरांपैकी इतक्या घरांत कावीळ आहे, आणि पाइप सहा आठवड्यांपूर्वी फुटली होती' हे बाजूला सारणं अवघड जातं.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही अशी वही ठेवली. कावीळ नव्हती, जुलाब होते. गटातल्या बाया आळीपाळीनं लिहायच्या. ज्यांना लिहिता येत नाही त्या रेघा मारायच्या. एका नळाखाली रेघा दाटायला लागल्या तशा सगळ्याजणी वही घेऊन गेल्या. साहेबांनी आधी हसून घेतलं, मग पानं उलटली, मग माणूस पाठवला. जोडाजवळ तडा होता. पाइप बदलली नाही, नुसती जोडली. त्यासाठी भांडणं अजून चालू आहेत. त्या दिवशी वही मावशींच्या हातात होती. त्यांच्या सुनेचा मृत्यू कुठल्याही यादीत नीट लिहिला गेला नव्हता. वहीवरचा पहिला रकाना त्यांनी सांगून घालून घेतला होता: 'पोटुशी आहे का?'

म्हणून मैत्रिणींनो, आजच्या भाषणातल्या सगळ्या व्याख्या विसरलात तरी चालेल. कुणी तुमच्यासमोर आकडा ठेवला तर दोन शब्द तेवढे विचारा: कितींपैकी? आणि त्या कितींमध्ये आपल्या बाया मोजल्यात का, तेही विचारा.